मधलं पिल्लू

दोन चर्च एक झाली आणि समितीत खडाजंगी उडाली ती पक्षिणीवरून. दोन्हींच्या बोधचिन्हाच्या लाकडी ढालींवर तीच होती, चोचीनं स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजणारी. पण एकीच्या घरट्यात तीन पिल्लं, दुसरीच्या दोन. एकमेकांची डोकी खाऊन झाल्यावर ठरलं, की तीनवाली ढालच ठेवायची, पण पिल्लं दोन करायची.

काम रंगारणीकडे आलं. तिचा नवरा सुतार. ढालीच्या उकललेल्या फळ्या त्यानं सांधून दिल्या. या दोघांनाही मुलं तीन. मधली मुलगी तापात गेली, आणि तेव्हापासून कुणी मुलं किती विचारलं की सुतार 'दोन' म्हणून मोकळा व्हायचा. रंगारणीच्या काळजात चर्र व्हायचं. त्यानं एकदा तरी लेकीला मोजावं, एवढंच तिला हवं होतं.

मधल्या पिल्लावर तिनं मागच्या आभाळाचाच निळा रंग फासला. दर पिल्लाला रक्ताचा एक थेंब, अशी या कामातली रीत. तिसरा थेंब मात्र तसाच राहिला.

"अगं, हा कुणाच्या तोंडी?" सुतारानं विचारलं.

"राहिला चुकून," ती म्हणाली. पण तो पुसायला तिचा हात धजेना.

सकाळी बघते तर थेंबाखाली, निळ्यातून, उघडी चोच वर आलेली. तिनं रंगाचा आणखी एक हात दिला. दुसऱ्या सकाळी चोच होतीच, वर डोळाही. नवराच गुपचूप खरवडत असणार, या विचारानं ती मनातून सुखावली.

"अहो, खरं सांगा, तुम्हीच ना?"

त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तू."

दोघांनी रंगावरून बोटं फिरवली. ओरखडा कुठंच नव्हता. थर गुळगुळीत होता आणि आतून पिल्लू आ वासून त्यांच्याकडे बघत होतं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यानं तिचा हात धरला.

तेवढ्यात फादर काम बघायला आले. चष्मा घरीच विसरले होते.

"दोनच ठेवलीत ना, सुतारदादा?" डोळे बारीक करत त्यांनी विचारलं. "मला तरी दोनच दिसतायत."

रंगारणीनं खाली मान घातली. उत्तर तिला पाठ होतं.

सुतारानं तिसऱ्या थेंबाखाली बोट टेकवलं. मग त्याच्या डोळ्यांना धार लागली.

"तीन, फादर," तो म्हणाला. "मधली लहान आहे ना, पटकन दिसत नाही."