हळदीला दिसलेली गळती

मी एक जुना ट्रॅक्टर आहे. जुना म्हणजे भंगार नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. कारण माणसांना हा फरक कळत नाही.

मित्रांनो, माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझा एकेक नट मोजूनमापून आवळला होता. पंधरा वर्षं मी गव्हाची शेतं नांगरली आणि मग लखनौला, तेलीबागच्या पलीकडे, सतीशरावांच्या पाच बिघ्यांवर आलो. सतीशराव मूळचे साताऱ्याचे, बँकेत अधिकारी. त्यांनी मला घेतलं ते फोटो काढायला. चालवलं त्यांच्या बायकोने, मनीषाताईंनी. त्यांनी तिथे रोपवाटिका उभी केली आणि माझ्यामागे ट्रॉली जोडून वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या घरांना माती, खत, रोपं पोचवू लागल्या. बाई ट्रॅक्टर चालवते म्हणून रस्त्यावरचे लोक माना वळवून बघायचे. एकदा एक स्कूटरवाला बघता बघता गटारात गेला. मला वाईट वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझं पॉवर स्टिअरिंग गळू लागलं. स्टिअरिंग हलकं फिरतं ते तेलाच्या दाबावर. तेल गेलं की दाब जातो आणि चाक दगडासारखं जड होतं. इतकी साधी गोष्ट. पण सतीशरावांनी उपाय काय काढला? रोज वरून तेल ओता! घरात काळं, जळकं इंजिन ऑइल उरलं असेल तर तेच ओता. स्वतःच्या चहात कुणी भांडी धुतलेलं पाणी ओततं का?

मग तेलीबागचा एक मिस्त्री आला. माझ्या पुढच्या भागावर चिखल आणि तेलाचा बोटभर थर होता. तो न पुसता, कंबर न वाकवता त्याने निकाल दिला.

"पंप गया, साहब. पूरा बदलना पड़ेगा. और सच बोलूँ? भाभीजी के हाथ में उतनी ताक़त भी तो नहीं है."

चिखलाच्या आड त्याला पंप दिसला, मनीषाताईंचे दंडही दिसले. काय ती नजर! सतीशरावांनी मान डोलावली.

पुढच्याच आठवड्यात तेलीबागच्या चौकात मी वळलोच नाही. माझं चाक दुभाजकावर चढलं. कुणाला लागलं नाही, पण मनीषाताईंचा खांदा सुजला.

"अगं, हे बाईमाणसाचं काम नाही. जरा तूप खात जा," सतीशराव म्हणाले. "दसरा झाला की विकून टाकू. गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

"आणि माझी रोपवाटिका?"

"अच्छा, ते बघू नंतर."

मित्रांनो, 'बघू' म्हणणारा माणूस कधी बघत नाही, हे मी लिहून देतो.

दसरा आला. आमच्या घरी त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. त्याआधी इथल्या रिवाजाप्रमाणे विश्वकर्मा पूजाही झाली होती. म्हणजे वर्षाला मला दोन हार मिळतात आणि चिंधी एकही नाही. सतीशरावांनी माझ्यावर मूठमूठ हळदीकुंकू उधळलं, हात जोडले, फोटो काढला आणि जेवायला गेले.

दुपारी मला सावलीत घ्यायला म्हणून मनीषाताई बसल्या. उतरल्यावर त्या थबकल्या. पुढच्या चाकांना वळवणारा जो आडवा सिलिंडर असतो, त्याच्या एका टोकाला हळद काळी होऊन ओघळली होती. बाकी सगळीकडे ती कोरडी, पिवळीच होती. गेल्या दसऱ्यालाही ती तशीच ओघळली होती. कुणी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी डिझेल आणि ब्रश घेऊन तो थर खरवडला, कोरडा पुसला, वर नवी हळद भुरभुरली आणि हाक मारली, "अहो, वर बसा. इंजिन चालू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा."

सतीशराव बसले. दोनदा फिरवून घामाघूम.

"अगं, हे तर फिरतच नाहीये यार!"

"तूप आणू का?" मनीषाताई बाजूला वाकूनच म्हणाल्या.

हळद पुन्हा तिथेच भिजली. पंप ठणठणीत होता. फाटलं होतं ते सिलिंडरच्या टोकाचं रबरी सील, अंगठीएवढं.

मनीषाताईंनी सिलिंडर उतरवला, आतला दांडा साफ केला, नवी सीलं बसवली, घाण तेल काढून ताजं भरलं. मग जॅकवर माझी पुढची चाकं उचलून, आतली हवा जाईपर्यंत स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवलं. सुजलेल्या खांद्याने.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक फाटकाशी उभं होतं. मनीषाताईंनी भरल्या ट्रॉलीसकट मला त्याच्यासमोरून एका हाताने वळवलं.

"भैया, बेचना नहीं है," त्या म्हणाल्या आणि खत पोचवायला निघाल्या.

मागे सतीशराव त्या माणसाला सांगत होते, "मैं तो पहले से कह रहा था, छोटा-सा लीकेज है."

मी जोरात धूर सोडला. त्यांच्याच दिशेने.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी असेल: सायकल, पंखा, शिवणयंत्र. त्याला हार घालू नका. त्याला चालवणाऱ्या माणसाला दोष देण्याआधी वाका, पुसा आणि बघा. एवढंही होत नसेल, तर निदान हात जोडून आमची थट्टा करू नका. पुढच्या दसऱ्याला मला झेंडू नको. एक कोरडी चिंधी आणा.