ओठ मिटून बसायचं

आमचे हे ऐंशी टक्के मिळवून पास झाले आणि तिथेच सगळं फिसकटलं. कारण या परीक्षेत नापास व्हायचं होतं.

नीट सांगते. परीक्षा कानाची होती. हे तीस वर्षं मागांच्या शेडमध्ये कापड विणत आले. एका छपराखाली चाळीस यंत्रमाग दिवसभर खडखडतात, तिथेच कान थोडे थोडे करत गेले. चार वर्षांपूर्वी मोठं दुखणं आलं. त्याच्या इंजेक्शनांनी जीव वाचवला आणि जे काही ऐकू यायचं तेही नेलं. कानाला अडकवायचं मशीन घेतलं, पण ते म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मग लेकीने कुठून तरी माहिती काढली, की कानाच्या आत तार सरकवून बसवायचं एक मशीन असतं, इम्प्लांट म्हणतात त्याला, आणि या हॉस्पिटलात एक संस्था दरवर्षी थोड्या लोकांना ते फुकट बसवून देते. या वर्षाचं एकच शिल्लक होतं. अट एवढीच, की साधं मशीन लावूनही माणसाला बोललेलं निम्म्याहून कमी कळलं पाहिजे. यादी त्या दिवशी एक वाजता बंद होणार होती.

पुढच्या वर्षी बघू म्हणावं, तर कान तपासणाऱ्या मॅडमनी आधीच बजावलं होतं, की कानाची नस जितकी वर्षं रिकामी बसेल तितका त्या मशीनचा उपयोग कमी. चार वर्षं तर गेलीच होती. शिवाय गेल्या महिन्यात शेडच्या आवारात मागे येणारा ट्रक ह्यांच्या खांद्याला घासून गेला. दहा माणसं बोंबलत होती म्हणे. ह्यांनी बाही झटकली आणि कामाला लागले. तेव्हापासून हे संध्याकाळी घरात येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

तर परीक्षा. दोन खोल्या, मधे मोठी काच. काचेच्या पलीकडे गादीसारख्या भिंतींच्या खोलीत हे एकटे खुर्चीवर, समोर स्पीकर. अलीकडे मॅडम, त्यांचं बटणांचं यंत्र, आणि त्यांच्या मागे स्टुलावर मी. स्पीकरमधून टेपवरचा एका बाईचा आवाज एकेक वाक्य बोलणार, ह्यांनी ते परत म्हणून दाखवायचं. तेच वाक्य आमच्याही खोलीत बारीक आवाजात वाजत होतं. मॅडम खाली मान घालून कागदावर खुणा करत होत्या. "दाराजवळ छत्री ठेवली आहे." ह्यांनी म्हटलं, दाराजवळ छत्री ठेवली आहे. "तिने निळी पिशवी धुतली." तिने निळी पिशवी धुतली. धडाधड. मी आपली बघत राहिले. मशीन लावून ह्यांना एवढं ऐकू येतं आणि घरी मला कळू नये, म्हणजे कमाल आहे, असं माझ्या मनात आलं. थोडा रागही आला.

मॅडमनी बेरीज केली आणि हळहळून म्हणाल्या, "काकू, ऐंशी टक्के. चांगलंच ऐकू येतंय काकांना. यांना नाही देता यायचं." दुसरा एक माणूस रांगेत होता, त्याचा कागद त्यांनी वर घेतला.

बाहेर बाकावर आलो. हे खुशीत. परीक्षेत गावात पहिला आल्यासारखा चेहरा. मला म्हणाले, "बघितलंस? आणि मधली दोन वाक्यं तू फार भरभर म्हटलीस, नाहीतर नव्वद आले असते."

मी म्हटलं, मी काय म्हटलं?

"अगं तूच तर सांगत होतीस की काचेतून."

माझा तोंडावर हात गेला, आणि तिथेच मला कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते.

त्याचं असं आहे. मागांच्या शेडमध्ये कुणी ओरडून बोलत नाही. ओरडलं तरी कुणाला ऐकू जाणार? तिथे सगळे ओठांनी बोलतात. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ स्वच्छ हलवायचे, चार माग पलीकडचा माणूस वाचतो. मीही तिथेच कांड्या भरायला होते, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायचं सूत गुंडाळायला. आमचं लग्नसुद्धा असंच जमलं, एक शब्द कानावर न पडता. पुढे ह्यांचे कान जायला लागले ते कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण त्या शेडमध्ये कानाचं काम पडतंय कुणाला? फक्त वर्षातून एकदा कारखान्याचा डॉक्टर कान तपासायला यायचा. तो ह्यांच्या मागे उभा राहून प्रश्न विचारायचा, मी समोर दारात उभी राहून ओठांनी तेच सांगायची. नोकरी टिकली ती अशी. बावीस वर्षं हा उद्योग केलाय आम्ही. कुणी ह्यांच्याशी बोलायला लागलं की माझे ओठ आपोआप हलतात. दुकानात, बँकेत, सोयऱ्यांच्यात. मला समजतही नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

आणि त्या खोलीत टेपवरची बाई बोलत होती, तिला ओठ नव्हते, म्हणून मी माझे दिले.

मी कपाळावर हात मारून घेतला. ह्यांना म्हटलं, अहो, नापास व्हायचं होतं. ह्यांना ते माहीत होतं. दहा वेळा सांगितलं होतं, घरून निघतानाही सांगितलं होतं. पण परीक्षा दिसली की पास व्हायचं, कुणाला कळू द्यायचं नाही, हे ह्यांच्या हाडीमाशी इतकं खिळलंय की खुर्चीवर बसल्यावर डोळे सरळ माझ्या तोंडाकडेच गेले. खाली बघत म्हणाले, "समोर दिसत असताना गप्प कसं बसायचं?" आपलेच दात आणि आपलेच ओठ. आम्ही दोघं त्या बाकावर आवाज न करता असे काही भांडलो, की शेजारची बाई उठून लांब जाऊन बसली.

घड्याळात सव्वाबारा झाले होते. हातातोंडाशी आलेला घास मीच काढून घेतला होता. घरी जाऊन लेकीला तोंड दाखवायची सोय नव्हती, आणि तो ट्रक माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. उठले, दार न वाजवताच आत घुसले आणि मॅडमना सगळं सांगून टाकलं. कारखान्याच्या डॉक्टरचं सोडून. तेवढी अक्कल मला आहे.

मॅडम भल्या होत्या, पण त्यांचाही चेहरा बदलला. म्हणाल्या, काकू, फुकट मशीन मिळतंय म्हटल्यावर लोक बहिरेपणाचं सोंग घेऊन येतात. आधी ऐंशी, आता तुम्ही म्हणता काहीच येत नाही. मी कुठलं खरं धरू? तरी त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. यादीवर सही त्यांची चालायची. ते आले ते घड्याळ बघतच. उंच, चष्मा कपाळावर चढवलेला. सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पहिल्यांदा फसवलंत असं तुम्हीच सांगताय. मग दुसऱ्यांदा फसवणार नाही कशावरून?"

खरं सांगू, राग आला. पण त्यांचं चुकत नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं, आणि याहून वाईट शब्दांत.

मी म्हटलं, डॉक्टर, तुमचा आवाज बंद करा. तो टेपवरचा, ह्यांच्या खोलीतला. पूर्ण बंद. आणि वाक्य तुम्ही मला कागदावर लिहून द्या, तुमच्या मनातलं.

ह्यांना परत काचेमागे बसवलं. मॅडमनी बटण शून्यावर आणलं. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलं, माझ्याकडे सरकवलं. मी वाचलं आणि काचेकडे बघून नुसते ओठ हलवले. आमच्या खोलीत टाचणी पडली असती तरी कळलं असतं. पलीकडून ह्यांचा आवाज आला, "माझ्या चष्म्याची डावी काच कालपासून सैल झाली आहे."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला. आणखी एक लिहिलं, मुद्दाम अवघड, किडनीबिडनी घालून. हे एका शब्दाला अडखळले, बाकी सगळं बरोबर. मॅडम तोंडाचा आ करून माझ्याकडे बघत होत्या. ऐंशी टक्के कुणाचे होते ते आता सगळ्यांना कळलं होतं.

पण डॉक्टरही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. म्हणाले, ओठ वाचता येतात हे सिद्ध झालं. ऐकू येत नाही हे कुठे झालं? बारा चाळीस झाले होते. त्यांनी मला सांगितलं, काचेकडे पाठ करून बसा. मी स्टूल फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मॅडमनी हातातला कागद तोंडापुढे धरला. टेप सुरू झाली.

"बागेत दोन बाकं आहेत." पलीकडे गप्प. "आजोबा गाडी धुतात." गप्प. माझे ओठ शिवशिवायला लागले. मी दातांखाली धरले. आवाज वाढवला, आणखी वाढवला. एकदा ह्यांनी अंदाजाने काहीतरी म्हटलं, "पाणी?" वाक्यात पाण्याचं नावही नव्हतं. ह्यांना असं चाचपडताना मी कधी ऐकलं नव्हतं. कशी ऐकणार? मी समोर नाही असं कधी झालंच नव्हतं. वीस वाक्यं झाली. आणि मला एकदाही मागे वळता येत नव्हतं.

"शून्य," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टर फॉर्म चाळत होते. एका ओळीवर बोट ठेवून थांबले. तो फॉर्म ह्यांनी आपल्या हाताने भरला होता, मी वाचलाही नव्हता. त्यात विचारलं होतं, कुणाचा आवाज ओळखू येतो का. डॉक्टरांनी मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांनी लिहिलं होतं, 'बायकोचा येतो. स्वच्छ येतो.'

"टेप अनोळखी आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमचा आवाज येत असेल तर साध्या मशीनवर काम भागेल. त्यांच्याशी तुम्ही बोला. तोंड फिरवू नका."

मॅडमनी माईक ओढून माझ्या तोंडापुढे आणला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. मला सुचेना काय बोलावं. छत्री, पिशवी, बागेतली बाकं, काहीच आठवेना. आणि मनात एक पापी इच्छा अशी, की यावा, माझा तरी आवाज ह्यांना यावा. मशीन गेलं खड्ड्यात.

"अहो," मी म्हटलं. "ऐकताय का? मी आहे. मी फार थकलेय हो. तुम्हाला कधी सांगितलं नाही, तुमच्याकडे बघून सांगताच येत नाही. बावीस वर्षं माझं तोंड माझं नाही राहिलं. तुम्ही बाहेर गेलात की मी दारात बसून राहते. माझं काही बरंवाईट झालं तर तुमच्या पाठीमागे कुणी ओरडलं तर ते तुम्हाला कोण सांगेल, याच विचाराने मला झोप लागत नाही. माझा आवाज येतो म्हणून लिहिलंत ना? मग म्हणा काहीतरी. एक शब्द म्हणा."

माझा आवाज त्या गादीच्या भिंतींवर आदळत असणार. मॅडमनी नजर खाली घातली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला.

मग स्पीकरमधून ह्यांचा आवाज आला, नेहमीसारखा, हसरा.

"मॅडम, करा की सुरू. मी केव्हाचा तयार बसलोय."

डॉक्टरांनी माईक बाजूला केला आणि "पुरे" म्हणाले. यादी पुढे ओढली. पेनाची खरखर मला ऐकू आली, नाव लिहिल्याची, सही केल्याची. मॅडम हळूच म्हणाल्या, काकू, झालं तुमचं काम, वळा आता.

मी वळले नाही. वळले असते तर माझ्या तोंडावरचं सगळं ह्यांनी काचेतून एका क्षणात वाचलं असतं.