चित्रांची कोरी बाजू

"एक दिवस चुकला की दुसरा आपोआप चुकतो. म्हणून पहिला चुकवू नकोस."

आईने माझ्या हातात वही देताना एवढंच सांगितलं होतं. रोज सकाळी, घर उठायच्या आत, देवाचं नाव शंभर वेळा लिहायचं. तेव्हा माझं नवीन लग्न झालं होतं. ती वही केव्हाच संपली, आईही गेली, पण तिचं ते वाक्य मला अजून पहाटे उठवतं. आमचे हे घड्याळजी. बाहेरच्या खोलीत त्यांच्या बाकावर दुरुस्तीला आलेली तीसेक घड्याळं टिकटिकत असतात, पण त्यातल्या एकाचाही गजर मला कधी लावावा लागला नाही. हे म्हणतात, "तुझ्या आईने तुला एकदा चावी दिली होती, ती अजून उतरलेली नाही."

थोरला चार वर्षांचा असताना एका सकाळी वहीचं शेवटचं पान संपलं. वह्यांचं दुकान उघडायला अजून तीन तास होते. लिहून झाल्याशिवाय मी चूल पेटवत नाही, त्यामुळे घरातल्या सगळ्यांची न्याहारी माझ्या एका कागदावर अडली होती. समोर फरशीवर थोरल्याने आदल्या दिवशी काढलेला हत्ती पडला होता. निळा, पाच पायांचा. पाचवा पाय म्हणजे सोंड असावी. मी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी करकरीत. तिच्यावर शंभर नावं लिहिली आणि हात जोडले.

पुढे दुकान उघडलं, वही आणायची राहिली, आणि दुसऱ्या दिवशीही एक चित्र समोर पडलेलं होतंच. मग बारकी झाली. तीही हातात पेन्सिल धरता येऊ लागल्यापासून काढायला लागली. घरात कागदाला तोटा नव्हता. मला वाटे, देवाने दोन्ही लेकरांच्या हातात कला दिली आणि त्यांच्या उरलेल्या कागदांवर माझी सेवा भागवली. काटकसर ती काटकसर, भक्ती ती भक्ती. मी मनातल्या मनात स्वतःवर खूश असे.

अडचण एकच. ज्या कागदावर देवाचं नाव आहे तो रद्दीत कसा घालायचा? मी खोक्यात ठेवत गेले. एक भरलं की दुसरं. असं करत करत अकरा खोकी झाली आणि मागची छोटी खोली त्यांनी गिळली.

ती खोली आता बारकीला हवी होती. पंधरा वर्षांची झाली तरी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करते, आणि चित्रं काढायची ती भांडी बाजूला सारून. तिच्या कागदांवर तेलाचे ठसे उमटतात, आणि ती त्या ठशांचे ढग करते. यंदा तिला चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं, आणि तिथे प्रवेशासाठी वीस मोठी चित्रं द्यायची होती. एवढा कागद आमच्या टेबलावर मावत नाही. मी तिला शब्द दिला की रविवारपर्यंत खोली रिकामी करते. तसे तीन रविवार गेले. ती बोलली नाही. फक्त खोलीत मोठं टेबल करायला सुताराला सोमवारी यायला सांगून ठेवलं, तेही स्वतःच.

शनिवारी दुपारी मी खोकी उघडून बसले. ठेवायचे, टाकायचे, विचार करायचे, असे तीन ढीग ठरवले. संध्याकाळपर्यंत ठेवायचा ढीग माझ्या कमरेपर्यंत आला, विचार करायचा गुडघ्यापर्यंत, आणि टाकायच्या ढिगात एकच कागद होता. तो दोन्ही बाजूंनी कोरा होता. ह्यांनी दारातून डोकावून पाहिलं आणि म्हणाले की मी खोललेलं घड्याळ अर्ध्या तासात परत लागतं, तुझं काम बघता सुताराला पुढच्या वर्षीचा सोमवार सांगावा. मी हसले. पण बारकी त्यांच्या मागे उभी होती, ती हसली नाही.

ती आत आली, ढिगाशी वाकली आणि दोन-चार कागद चाळले.

"आई, तू उलटी बाजू बघून निवडते आहेस," ती म्हणाली.

मी पाहिलं. खरंच, सगळे कागद नावाची बाजू वर करून ठेवले होते. दुपारपासून मी एकही चित्र पाहिलं नव्हतं. अक्षर नीट आलंय का, शंभर पुरे झालेत का, तापाच्या दिवसांत ओळी वाकड्या गेल्या होत्या तो कागद कोणता, हेच पाहत होते.

"राहू दे खोली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती माझ्यासारखीच हळू बोलते, म्हणून तिचं लागतं जास्त. "टेबलावर काढीन मी. इतकी वर्षं काढलंच की."

ती गेली. मला वाईट वाटलं ते ती रागावली म्हणून नाही. तिने मागणंच सोडून दिलं होतं. लेकराने हट्ट केला तर आईला बरं असतं. त्याने समजूतदारपणा दाखवला की आईपाशी द्यायला काही उरत नाही.

आमच्या प्रार्थनेच्या बैठकीत एक ऐंशीच्या घरातल्या बाई आहेत. त्यांना सगळे ताई म्हणतात आणि त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. त्यांना फोन लावला आणि अकरा खोक्यांची कथा सांगितली. त्यांनी विचारलं, रोजचं नाव देवाकडे पोचतं असं मी मानते का? मी म्हटलं, मानते. "मग पोचलेल्या पत्राची पाकिटं कशाला सांभाळतेस, बाई? पाण्यात भिजव, लगदा कर आणि झाडांना घाल. आणि पोरीला खोली दे." एवढं सांगून त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, स्वतःच्या गुडघ्यांची हकीकत दिली आणि फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात गेले. बारकी टेबलाशी बसली होती. मी तिला म्हटलं, मला निवडता येत नाहीये, तूच निवड. चित्राच्या बाजूने.

ती लगेच उठली नाही. मग उठली.

तिचा हात इतका झपाट्याने चालला की मी बघत राहिले. पत्ते वाटावेत तसे कागद दोन्हीकडे पडत होते. एक डावीकडे, शंभर उजवीकडे. उजवीकडच्या चित्रांत एक रेघ जमिनीची, एक गोल सूर्याचा, झालं चित्र. असे सूर्य हजारांनी होते. मी विचारलं, इतकी घाईघाईत काढलेली कशी गं ही सगळी?

"ही तुझी," ती म्हणाली. "आणि ही आमची."

मला कळलं नाही. तेव्हा तिने सांगितलं. ती पाच वर्षांची असताना थोरल्याने तिला एका कोपऱ्यात नेऊन नियम समजावला होता. रोज झोपायच्या आधी एक चित्र आईच्या जागेजवळ ठेवायचं. कागद कोरा ठेवला तर आई तो चांगला कागद म्हणून कपाटात जपून ठेवील, म्हणून त्यावर काहीतरी काढायलाच हवं. चित्र नसलं तर सकाळी आईला लिहायला मिळणार नाही, आईचा नेम मोडेल, आणि मग काय होईल ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बहुधा न्याहारी होणार नाही, असा त्याचा अंदाज होता. दोघांनी पाळ्या लावल्या होत्या. तिला गोवर आला तेव्हा त्याने तिच्याही पाळीचे सूर्य काढले. कोणी मला बोललं नाही, कारण बोललं तर मी वही आणीन आणि मग त्यांचं महत्त्व जाईल.

मी थोरल्याला वसतिगृहात फोन लावला. तो हसत सुटला. म्हणाला, मला चित्रकला कुठे येत होती आई, मी तर कागदपुरवठा खात्यात नोकरीला होतो. त्याने एक निळा हत्ती ठेवायला सांगितला, बाकी सगळं त्याच्यातर्फे माफ.

फोन ठेवून मी उजवीकडच्या ढिगाकडे पाहिलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की घरात पहाटेचा नेम मी एकटी पाळते. दोन लहान जीव रोज संध्याकाळी, पेंगत, भांडत, माझ्या आधी तो पाळून झोपत होते. मला भरून आलं, आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे मी नाक पुसत हसत होते आणि बारकी माझ्याकडे संशयाने बघत होती.

डावीकडे त्रेचाळीस चित्रं उरली, जी त्यांनी स्वतःला वाटलं म्हणून काढली होती. ती एका खोक्यात मावली. सूर्य मी रविवारी टबात भिजवले. सगळा दिवस लागला. ह्यांनी दुकान बंद ठेवून पाणी ओतलं आणि मध्येमध्ये, आज आपल्याकडे सूर्यास्त सकाळपासून चालू आहे, असं शेजाऱ्यांना सांगितलं. जिन्याखालच्या कुंड्या, कुंपणालगतची झाडं, समोरच्या शाळेचा वाफा, सगळीकडे करडा लगदा गेला. बारकीने रिकामी खोली दोनदा झाडली आणि मधोमध उभं राहून चारी भिंतींकडे पाहिलं.

"एक मागू?" तिने विचारलं. "आम्ही तुझ्यासाठी इतकी काढली. तू आमच्यासाठी एक काढ. टेबलासमोरच्या भिंतीवर लावीन."

मी म्हटलं, मला गोलसुद्धा नीट येत नाही. ती म्हणाली, आम्हाला तरी कुठे येत होता. मी मान हलवली, म्हणजे हो म्हटलं. ती गेल्यावर वाटलं, कुठून हो म्हटलं.

सोमवारी पहाटे नव्या वहीत शंभर नावं लिहिली, हात जोडले, वही मिटली. चूल पेटवायची वेळ झाली होती. बाहेरच्या खोलीत घड्याळं आपापल्या वेळा सांगत होती, कुठलीच दुसरीशी जुळत नव्हती. मी बारकीच्या डब्यातली पेन्सिल आणि एक मोठा कागद घेतला, भांडी बाजूला सारून टेबलाशी बसले, आणि आधी जमिनीची रेघ ओढायला घेतली.