डावा खांदा

सकाळी सव्वाआठ वाजता, काळेवाडीतल्या भाड्याच्या घरात, भिमाबाईंनी चित्रावरची टेप नखाने उचलली आणि एका दमात ओढून काढली. खाली चेहरा नव्हता. कोरा कॅनव्हास होता.

"रत्ना, बापाचं तोंड कुठंय?"

त्यांचा मुलगा बुद्धरत्न मोरीत ब्रश धूत होता. चाकणच्या एका कारखान्यात तो पेंटशॉपला आहे. जिथे रंग लागू द्यायचा नाही तिथे आधी टेप मारायची, ही तिथली पद्धत त्याने चित्रातही आणली होती. भिमाबाईंनी उलटाच अर्थ घेतला होता: चेहरा झालाय, धूळ बसू नये म्हणून झाकलाय. शेजारणींनाही त्या तेच सांगत होत्या.

रविवारी बुद्धरत्नच्या वडिलांचं, अण्णासाहेबांचं, पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची बुद्धवंदना. मेणबत्ती लावायला समोर धड फोटो नाही. लग्नाकार्यातल्या फोटोंत ते कायम मागच्या रांगेत, अर्धे झाकलेले. म्हणून बुद्धरत्न घरासाठी त्यांचं वेगळं चित्र काढणार होता. ते जमलं नाही. उरलं त्यांचं हे एकच चित्र, आणि ते न्यायला आज पुण्याच्या गॅलरीचा टेम्पो येणार होता. त्याचं पहिलं प्रदर्शन.

"तोंड आधी कागदावर काढून बघितलं गं. दरवेळी कुणीतरी दुसराच माणूस व्हायचा."

"मग आमी काय ह्या डागाला हार घालायचा?"

भिमाबाई ओट्यापर्यंत मागे सरकल्या. राखाडी, गंजक्या पट्ट्यांतून एक माणूस वर येत होता आणि कमरेखाली पुन्हा पट्ट्यांत मिसळत होता.

"डावा खांदा पडलाय," त्या म्हणाल्या.

"कारखान्यातल्या प्रेस मशिनमुळं."

"मला सांगतो! तेल कोण चोळायचं?" मग चित्राकडे बोट करून, "पोट जास्त काढलंस. एवढं नव्हतं."

"होतं."

"रिटायर झाल्यावर."

दोघंही हसले. तेवढ्यात टेम्पोवाला गणराज जिना चढून आला.

"भाऊ, उचला लवकर. गल्लीत गाडी लावायला जागा न्हाई."

"आधी चहा घे," भिमाबाई म्हणाल्या.

कप हातात घेऊन गणराजने चित्राकडे पाहिलं. "काका लई दमलेत."

"नाईट करून आलेत," भिमाबाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि चित्रासमोर बसल्या.

दहाच्या सुमारास गॅलरीतून फोन आला. चित्रं आज संध्याकाळीच टांगायची आहेत, नंतर भिंत राखून ठेवता येणार नाही. "आईला विचारून सांगतो," बुद्धरत्न म्हणाला.

दुपारी बारापर्यंत टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. भिमाबाई खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. बुद्धरत्न त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला होता आणि त्याने अजून काही विचारलं नव्हतं.