रकान्यात लिहिलेले आजार

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. सध्या जयराम पाटलांच्या माळ्यावर, गोणपाटाखाली असतो. माझी फीत वाळली आहे आणि दोन कळा दाबल्या की वर येत नाहीत. याचे मला फारसे दुःख नाही. काम भरपूर झाले.

माझे सुटे भाग परदेशातून आले आणि जोडणी मुंबईत झाली. एका कापडगिरणीने मला काही वर्षे वापरून विकले, तेव्हा जयरामने मला घेतले. वसईच्या तहसील कचेरीबाहेर, झाडाखाली एका डुगडुगत्या टेबलावर त्याने मला बसवले. सुरुवातीला मी इंग्रजीतले अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे लिहीत असे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मात्र घरोघरची मुले आखाती देशांत कामाला जाऊ लागली आणि माझ्या कागदांवर परदेशी नावे उमटू लागली. 'जयरामचे टंकन म्हणजे छापील पुस्तक,' असे लोक म्हणत. श्रेय त्याला मिळे. माझी त्यावर तक्रार नव्हती.

१९८४ साली गास गावच्या मटिल्डाबाई आपल्या मुलाला, फर्डिनंडला, घेऊन आल्या. तो थंड हवेची यंत्रे दुरुस्त करायचा. दोन वर्षांचा करार होता. कंपनी त्याला कधी बहारीनला, कधी मस्कतला, कधी आणखी कुठे पाठवणार होती. आजारपणाचा विमा मात्र ज्याचा त्याने उतरवायचा होता.

जयरामने मुंबईहून आणलेले तीन फॉर्म टेबलावर मांडले. एकात फक्त अपघाताची सोय होती. दुसऱ्यात इस्पितळ होते, पण एकाच देशापुरते. तिसऱ्यात सगळ्या देशांतली इस्पितळे होती, आणि आजारी माणसाला घरी परत आणण्याची व्यवस्थाही होती. "तू फिरता माणूस, तुला तिसराच हवा," जयराम म्हणाला. निवड चोख होती. शेवटच्या पानावर 'पूर्वीचे आजार' असा रकाना येईपर्यंत सगळे खुशीत होते.

फर्डिनंडला लहानपणापासून दमा होता. तो सांगायला तोंड उघडणार, तोच मटिल्डाबाईंनी त्याचा दंड धरला.

"निघायच्या वेळी दुखन्याचं नाव काढू नये. परवा घरात लादीन ठेवलीय, सगळा गाव प्रार्थनेला येनार. आता अभद्र बोलू नका."

"बाई, विम्याच्या कागदावर खरं लिहावं लागतं," जयराम म्हणाला.

"देवाला सगळं ठावं आहे. कंपनीला कशाला सांगायचं?"

जयरामने क्षणभर फर्डिनंडकडे पाहिले. फर्डिनंड खाली बघत राहिला. मग जयरामची बोटे चालली आणि मी त्या रकान्यात 'काही नाही' असे स्वच्छ इंग्रजीत लिहिले. मित्रांनो, खोटे अक्षरही खऱ्याइतकेच सुबक उमटते.

कराराच्या नवव्या महिन्यात मस्कतला धुळीची वादळे सुरू झाली आणि फर्डिनंडचा श्वास कोंडला. अठरा दिवस तो इस्पितळात होता. डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्याने सरळ सांगितले, की दमा लहानपणापासून आहे. डॉक्टरांनी ते टिपून घेतले. विमा कंपनीने तो कागद माझ्या कागदाशेजारी ठेवला आणि खर्च नाकारला. परत आणण्याची व्यवस्थाही नाकारली. सोबतच्या कामगारांनी वर्गणी करून त्याला घरी पाठवले. तो आला तेव्हा विहिरीपासून घरापर्यंत चालतानाही त्याला दोनदा थांबावे लागे.

कंपनीचे पत्र घेऊन मटिल्डाबाई टेबलाशी आल्या. जयरामने ते मराठीत वाचून दाखवले.

"मीच सांगितलं होतं, लिहू नका म्हनून," त्या म्हणाल्या.

"आणि लिहिलं मी," जयराम म्हणाला.

जयरामने पत्राची घडी घालून त्यांच्या हातात दिली. मग रांगेतला पुढचा माणूस पुढे सरकला. त्याला रेशनकार्डाचा अर्ज हवा होता.

तीन वर्षांनी मटिल्डाबाईंची मुलगी रिटा परिचारिका म्हणून कुवेतला निघाली. तेव्हाही घरात लादीन ठेवायची होतीच. आधी मात्र माय-लेकी विम्याचा फॉर्म भरायला आमच्या टेबलाशी आल्या. जयराम त्या रकान्यापाशी आला आणि थांबला. त्याने वर पाहिले नाही.

"लिहा," मटिल्डाबाई म्हणाल्या. "चौथ्या वर्षी गोवर. दहावीला विषमज्वर, एकवीस दिवस. डावा कान वाहतो, पावसात जास्त. विहिरीच्या पायरीवरून पडली होती, मनगट मोडलेलं. गांधीलमाशी चावली की अंग सुजतं."

"बाई, गोवर लिहिला नाही तरी चालेल."

"लिहा."

रकाना भरला. जयरामने पुरवणी कागद लावला. रांगेतले लोक कान देऊन ऐकू लागले. रिटा लाजेने लाल झाली.

"आई, पुरे ना! सगळे ऐकतात."

"ऐकू दे. तिकडे तुझं दुखनं सांगायला मी नसनार."

मी दीड पान लिहिले. विमा कंपनीने डाव्या कानाचा खर्च वगळला आणि बाकी सगळे मान्य केले. रिटाने निघण्याआधी कानावर इथेच उपचार करून घेतले.

मला माया नाही असेच मी समजत होतो. पण मित्रांनो, ते दीड पान उमटवताना माझी एकही कळ अडकू नये असे मला फार वाटत होते. तुम्हीही कधी लांब जाल. कागद नीट वाचून निवडा, आणि आपल्या आजाराची लाज किंवा भीती बाळगू नका. रिटाच्या आईसारखे सगळे सांगा, गोवरासकट.