टर्बो मुका असतो

त्या वर्षी आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. टर्बो की सुपरचार्जर. जेवताना तेच, दुकानाचं शटर उघडताना तेच, आजारी मावशीला भेटायला गेलो तर तिच्या उशाशी बसूनही तेच. शेवटी वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोघे भाऊ एकदाची मारामारी करून मोकळे व्हा. फक्त माझी काचेची भांडी आधी आत ठेवू द्या."

भानगड होती दादाच्या गाडीची. दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार. दादाच्या लग्नाआधीपासून त्याच्याकडे आहे, वहिनी तिला सरळ सवत म्हणतात. दिसायला अजून फाकडू, पण चढ लागला की धापा टाकायची. तिच्या इंजिनात जास्त हवा कोंबायची, म्हणजे जास्त पेट्रोल जळेल आणि जोर येईल, एवढंच काम. त्याला दोन रस्ते. टर्बो फिरतो इंजिनच्या धुरावर, म्हणजे जे सायलेन्सरमधून फुकट जातं त्याच्यावर. सुपरचार्जर फिरतो इंजिनच्याच पट्ट्यावर, म्हणजे आधी स्वतः खातो आणि मग वाढतो. खिशाला दोन्ही नवे परवडणारे नव्हते, तेव्हा जे काय करायचं ते भंगारातून. भंगारवाल्याकडे एका ठोकलेल्या व्हॅनचा टर्बो धूळ खात पडला होता, तो जवळजवळ फुकटात द्यायला तयार होता. मी म्हटलं, फुकटचं सोडून महागाच्या मागे कशाला लागायचं?

दादा म्हणायचा, "टर्बो मुका असतो."

झालं! यापुढे बोलणंच खुंटायचं. दादा शिकाऊ असताना त्याच्या गॅरेजात कुणा बड्या माणसाची सुपरचार्जरवाली गाडी आली होती. पायाखालचं पेडल दाबलं की तिची शिट्टी सुरू व्हायची आणि वेगाबरोबर वर वर चढत जायची. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या गाडीच्या मालकाच्या मिशासुद्धा मला पाठ आहेत. टर्बो उलट सायलेन्सरचाही आवाज गिळतो. दादाला ती शिट्टी हवी होती. एकदा, आपल्या गाडीत, आपल्या हातानं.

आता खरं काय ते सांगून टाकतो, उगाच झाकपाक नको. दादा बहिरा होत चालला होता.

ठार बहिरा नाही. जाड आवाज कळायचे, ट्रक, दार, वहिनींचं रागावणं. बारीक आवाज मात्र एकेक करून त्याला सोडून गेले. दाराची घंटा गेली, पाखरं गेली, पेट्रोल गळतं त्याची टपटप गेली. सगळा जन्म उघड्या इंजिनांवर वाकून काढला, दुसरं काय होणार? पण दादा कधी "काय?" म्हणायचा नाही. "मोठ्यानं बोल" तर नाहीच नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघायचा, आणि नाहीच कळलं तर मान डोलावून "बघू" म्हणायचा. निम्मं गिऱ्हाईक त्याच्या "बघू"वर खूश असायचं.

आणि आमचं गाडीदुरुस्तीचं दुकान तर त्याच्या कानावर चाललेलं. लांबलचक स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले, आणि मग निदान. लोक लांबून यायचे ते पाहायला. माझ्यासाठी कुणी येत नव्हतं, मी आपला पाने फिरवणारा. पण अलीकडे गाड्या परत यायला लागल्या होत्या. एका टॅक्सीवाल्यानं तर भर दुकानात सांगितलं, "दादा, खडखड तशीच आहे हो." दादा ऑइलला नावं ठेवून मोकळा झाला. संध्याकाळी ती टॅक्सी मागच्या बाजूला नेऊन मी दादाचं काम निस्तरत होतो, तर हा दारात उभा.

"किती दिवस करतोयस हे?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "आजच."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. खोटं बोललेलंही ओठांवर दिसत असावं. म्हणाला, "ही माझी गाडी मी माझ्या कानानं सुरात लावणार. नीट लागली तर तू पुन्हा माझ्या कामाला हात लावायचा नाही. बिघडली तर मी दुकानाची पायरी चढणार नाही. विषय संपला."

दुकान सोडून दादा करणार काय? भाजी आणायला पाठवला तर भाजीवाल्याच्या टेम्पोचं बोनेट उघडून बसणारा माणूस तो. घरात बसवला तर सहा महिन्यांत भिंतीसारखा होईल, हे मला दिसत होतं, वहिनींनाही दिसत होतं.

मला टर्बो का हवा होता, तेही ऐका. टर्बोला जास्तीची हवा सोडून द्यायची झडप असते. दाब कमी ठेवला की इंजिन थोडीफार चूक पोटात घालतं. सुपरचार्जरच्या पट्ट्याला दयामाया नसते, इंजिन पळेल तसा तो हवा रेटत राहतो. पण हे दादाला कोणत्या तोंडानं सांगू? तुझी चूक होणार आहे म्हणून सांगू? मी आपला पैशाचं तुणतुणं वाजवत राहिलो, आणि दादाला वाटलं धाकटा चिक्कू आहे आणि हट्टी आहे.

शेवटी गाडी त्याची, सुपरचार्जरच आला. एका मोडीत निघालेल्या मोठ्या गाडीचा. त्याचे ब्रॅकेट मी कापले, दादानं वेल्डिंग केलं. वेल्डिंग असं, की हात फिरवला तर जोड सापडू नये. हात शाबूत होते हो त्याचे. त्या दिवसांत आम्ही दोघे चक्क गुण्यागोविंदानं नांदलो.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. दादानं ॲक्सिलरेटरची तार ओढली आणि ती शिट्टी वाजायला लागली. काय सांगू! किटली उकळायला लागते तशी आधी बारीक, मग चढत चढत अशी टोकाला गेली की वहिनींनी ट्रे ठेवून दोन्ही कानांवर हात ठेवले. माझ्या अंगावर काटा आला. मनात म्हटलं, जिंकलास दादा, टर्बो गेला खड्ड्यात.

दादा वाकून पट्ट्याकडे बघत होता. "पट्टा घसरतोय का रे?" तो म्हणाला. "शिट्टी कुठाय?"

वहिनींनी कानांवरचे हात हळूच खाली घेतले, त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, वाजतेय की. किती छान वाजतेय."

दादानं पुन्हा तार ओढली. मान तिरकी करून बराच वेळ उभा राहिला. मग हसला आणि म्हणाला, "हां. आली, आली."

आली कुठली! त्याचं हसू मला चांगलं ओळखता येतं. आरशात तोच चेहरा घेऊन मी रोज दाढी करतो.

राहिलं टायमिंग. ठिणगी कधी पडायची ते. ठिणगी जितकी लवकर, तितका जोर जास्त. फार लवकर पडली की आत पेट्रोल भलत्या वेळी फुटतं आणि टिणटिण असा आवाज येतो, डब्यात खडे हलवल्यासारखा. त्याला आम्ही नॉकिंग म्हणतो. नव्या गाड्यांत ते ओळखायला सेन्सर असतो. आमच्याकडे दादा होता. त्याची पद्धत अशी की डिस्ट्रिब्युटर हातानं फिरवून टायमिंग पुढे पुढे घ्यायचं, म्हणजे ठिणगी आणखी लवकर पाडायची, चढावर गाडी दाबून बघायची, टिणटिण सुरू झाली की केसभर मागे यायचं. बस्स. त्या केसभर मागे येण्यावर त्यानं आयुष्य काढलं. पण आवाज आलाच नाही, तर माणूस मागे कधी येणार?

रविवारी सकाळी गोदामांच्या मागच्या चढावर गेलो, दादाची गाडी पुढे आणि मागून वहिनींना घेऊन मी दुकानाच्या जीपमध्ये. रस्ता मोकळा होता, ऊन चांगलं पडलं होतं. पहिल्या फेरीला दादाशेजारी मी बसलो. गाडीनं चढ असा काही घेतला की माझी पाठ सीटला चिकटली. दादा पोरासारखा हसत होता. आणि निम्म्या चढावर, शिट्टीच्या खाली, मला ती टिणटिण ऐकू आली.

"दादा, पाय काढ!" मी ओरडलो. "नॉकिंग आहे!"

त्यानं पाय काढला, गाडी वळवून पायथ्याशी आणली. माझ्याकडे वळून म्हणाला, "कुठाय?"

"अरे, ढळढळीत आहे. मागे घे टायमिंग. चांगलं मागे घे."

त्याचा चेहरा बदलला. "तुला तर पहिल्यापासून खोटच काढायची होती," तो म्हणाला. "तुझा टर्बो बसला नाही ना, म्हणून आता तुला आवाज येतात. उतर."

"दादा, आईशपथ सांगतो..."

"उतर म्हटलं ना! हिला बसू दे."

डोकं असं सणकलं की दार आपटून उतरलो. वर्षभर त्या टर्बोवरून मी इतकी वटवट केली होती, की आता माझ्या तोंडून निघालेलं खरंही त्याला टर्बोच वाटत होतं. वहिनी तिथंच जीपपाशी थांबल्या होत्या. त्या माझ्या जागी बसल्या. दादानं बोनेट उघडून डिस्ट्रिब्युटर फिरवला. पुढे! मागे नाही, आणखी पुढे!

गाडी माझ्यासमोरून चढली. मी कडेच्या कठड्याशी उभा होतो. आता ते बाहेरूनही ऐकू येत होतं. आंधळ्यालाही दिसावं इतकं, असं म्हणणार होतो, पण जाऊ द्या. वळून गाडी खाली आली. दादा उतरून बायकोच्या बाजूला गेला, तिच्या दारावर हात ठेवून वाकला. विचारताना त्याचा आवाज लहान झाला होता.

"खरं सांग. तुला येतोय का काही आवाज?"

वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावून, हातवारे करून सांगत होतो, हो म्हणा, हो म्हणा. मग त्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो त्यांच्या ओठांवर डोळे लावून होता.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "शिट्टीच तेवढी येते."

दादानं श्वास सोडला. जन्मात पाहिलं नाही असं हलकं तोंड झालं त्याचं. "मग एक फेरी एकटा मारून येतो," तो म्हणाला, "पूर्ण दाबून."

वहिनी उतरल्या, तो गेला आणि मी त्यांच्यावर अक्षरशः धावून गेलो. "वहिनी, तुम्हाला ऐकू आलं!"

"आलं."

"मग बोलला का नाहीत? इंजिन जाईल!"

"इंजिन भंगारात दुसरं मिळेल, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून ऐकलं असतं, तर हा माणूस आज इथंच संपला असता."

"आणि इंजिन गेल्यावर काय होणार आहे?"

त्यांनी खालचा ओठ दातात धरला आणि वर रस्त्याकडे बघत राहिल्या. शिट्टी चढत होती. सुरेख चढत होती हो, खोटं कशाला बोलू. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात सुरेख शिट्टी, आणि ती ऐकायला आम्ही दोघे. खड्यांचा आवाज वाढत गेला, मग त्याची कडकड झाली, मग एकच दणका. वरच्या वळणावरून निळा धूर उठला. शिट्टी खाली उतरत उतरत बंद झाली.

गाडी न्यूट्रलमध्ये उतारावरून आपल्या आपण खाली आली. दादा स्टिअरिंग धरून बसला होता. मी दोर काढला आणि दुकानाच्या जीपला गाडी बांधली.

दुपारी दुकानात त्यानं स्वतः इंजिनचं हेड खोललं, मला हात लावू दिला नाही. तिसऱ्या पिस्टनला बोट जाईल एवढं भोक होतं, कडा वितळून मेणासारख्या ओघळलेल्या. दादानं त्यात करंगळी घातली आणि कडेवरून फिरवत राहिला. वहिनी पाने पुसत होत्या. पुसलेलेच पुन्हा पुसत होत्या.

"हे एका झटक्यात होत नाही," तो पिस्टनकडे बघत म्हणाला. "आधी आवाज येतो. बराच वेळ येतो."

वहिनींच्या हातातला पाना तसाच राहिला.

दादानं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागानं बघितलं असतं तर मी चार शिव्या खाऊन घेतल्या असत्या, बरं वाटलं असतं. पण रागाचा पत्ताच नव्हता. परक्याच्या घरी चहा नको म्हणताना बघतात, तसं नुसतं बघितलं. वहिनी उठून त्याच्यासमोर गेल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यानं मान दुसरीकडे वळवली. आजवर त्यांच्या ओठांवरून त्यानं कधी नजर काढली नव्हती. त्या तशाच उभ्या राहिल्या आणि रडायला लागल्या.

दादानं चिंधीनं हात पुसले. भिंतीवरचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवला आणि पेटीचं झाकण लावलं. दुकानाच्या किल्ल्या खिशातून काढून त्याच झाकणावर ठेवल्या.

"दादा, असं नको ना करू," मी म्हटलं. माझा आवाज फुटला होता. त्यानं तो ऐकला की नाही, देव जाणे.

तो गाडीपाशी गेला. सुपरचार्जरवर तळहात ठेवला. अजून कोमट असावा.

"शिट्टी खरंच वाजली का रे?" त्यानं विचारलं.

"वाजली."

"कशी?"

मला धड सांगताही येईना. आधी बारीक होती, म्हटलं, मग चढत गेली, तू त्या बड्या माणसाच्या गाडीची सांगायचास ना, अगदी तशी. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, पण माझे ओठ इतके थरथरत होते की त्यांच्यावरून काही वाचता येणं शक्यच नव्हतं.

दादा जवळ आला. कानामागे हात धरून त्यानं मान पुढे केली.

"काय?" तो म्हणाला. "जरा मोठ्यानं बोल."