चित्राखालची ओळ

टेबलाशी बसून विनोद सुचत नाही, कंबर तेवढी दुखते, हे नवनीत मास्तराला फार लवकर कळलं होतं. विसरवाडीच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि नंदुरबारच्या एका दैनिकाला रोज व्यंगचित्र द्यायचं, असा त्याचा बारा वर्षांचा दुहेरी संसार. शाळा सुटली की तो स्टँडसमोर मोगराबाईच्या शेंगांच्या टोपलीशेजारी बसायचा, कानात इअरफोन खुपसून. गाणंबिणं काही नाही. गाणं ऐकणाऱ्या माणसासमोर लोक सासू, सरपंच, ऊसतोड, सगळं मोकळेपणानं बोलतात, एवढाच त्याचा बेत.

तो बेत मोगराबाईनं पहिल्याच दिवशी ओळखला. "मास्तर, तुन्ही वायर तं खिशामां मोकयीच शे," ती म्हणाली होती, पण कुणाला सांगितलं मात्र नाही. तिला वाचता येत नव्हतं. तोंड मात्र असं, की तिचं एक वाक्य म्हणजे मास्तरचं उद्याचं चित्र. छापून आलं की नवनीत पेपर आधी तिच्यासमोर धरायचा, खालची ओळ वाचायचा, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून ती इतकी हसायची की गिऱ्हाईक खोळंबायचं.

त्या आठवड्यात तिच्या पाड्यावर नळाचं उद्घाटन झालं. सकाळी टँकरनं टाकी भरली, दुपारी साहेबांनी फीत कापली, फोटोपुरतं पाणी आलं आणि संध्याकाळी नळ कोरडा. दुसऱ्या दिवशी शेंगा भाजता भाजता मोगराबाई म्हणाली, "त्या साहेबले सांग, रोज उद्घाटनले येत जाय. पानी बी येत जाई."

नवनीतनं विचारलं, या वेळी तुझाच चेहरा काढू का? ती लाजली, मग म्हणाली, "काढ. बोलनं मन्हं शे, तं तोंड बी मन्हंच काढ."

त्यानं तिला कपाळावरच्या गोंदणासकट काढलं. इतकं मन लावून त्यानं वर्षभरात काही काढलं नव्हतं. चित्रकलेच्या या मास्तराचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण, म्हणून चित्राखालची ओळ तो मोबाइलवरून वेगळी पाठवायचा आणि ती कचेरीत टाइप व्हायची. तशी त्यानं पाठवली.

सकाळी शाळेत पेपर उघडला. चित्र त्याचं, चेहरा मोगराबाईचा, आणि खाली ओळ: 'साहेब, नळ दिलात, आता हंडाही तुम्हीच भरून द्या.' शेजारी साहेबांच्या अभिनंदनाची अर्ध्या पानाची जाहिरात.

त्यानं संपादकाला फोन लावला. भूपेंद्रभाऊनंच त्याला पहिली संधी दिली होती. त्याच्या शब्दाबाहेर नवनीत कधी गेला नव्हता.

"अरे, विनोद तर राहिलाच ना," भूपेंद्रभाऊ म्हणाला. "चित्राला हात तरी लावला का मी?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. उद्यापासून चित्र देत नाही, हे वाक्य नवनीतच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. दिवसभर पोरांना फुलदाणी काढायला लावून तो खिडकीशी उभा होता. ज्या बाईनं बारा वर्षं त्याला हसू पुरवलं, तिचंच त्यानं तालुकाभर हसं केलं होतं. तिला कुठं वाचता येतंय, हा विचार त्याला आला, आणि त्यानं बरं वाटलं, याची त्याला लाजही वाटली.

शाळा सुटल्यावर तो मान खाली घालून बसकडे निघाला होता. मोगराबाईनं हाक मारली. पेपर तिच्याजवळच होता.

"वाच ना, मास्तर. तोंड तं चांगलं काढं."

नवनीतनं ओळीखाली बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं, "साहेब, रोज उद्घाटनले येत जाय. पानी बी येत जाई." मग तो तिच्या हसण्याची वाट पाहत राहिला.

ती हसली नाही. "सुषमानी सकायम्हाच वाची दखाडं," ती म्हणाली. सुषमा म्हणजे तिची सून, दहावी झालेली. "मी तिलेच सांगं, तू चुकी गयी. मास्तर येई, तो बरोबर वाची."

नवनीत एकदम सगळं सांगत सुटला. मी नाही, संपादकानं बदललं, साहेबांची जाहिरात होती, मला विचारलंसुद्धा नाही. तिनं त्याला पुरतं बोलू दिलं.

"एक डाव त्यानी बदलं," ती म्हणाली. "तो मन्हा कोन लागस? दुसरा डाव तू बदलं, मन्ह्या तोंडवर."